हौसाक्का आणि सुभेदारांचं नाक

हौसाक्का बंडगर हिच्या उजव्या अंगठ्याविषयी मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं शंभर टक्के खरं आहे. कुठलं निम्मं, ते वाचणाऱ्याने आपल्या हिमतीवर ठरवावं. मी रक्त तपासणारा माणूस. यंत्रातून आलेला आकडा जसाच्या तसा कागदावर लिहून द्यायचा, एवढं शिक्षण मला आहे. गोष्ट फुगवायची सवय मला फक्त लॅबच्या बाहेर लागते.

तासगावात बसस्टँडच्या अलीकडे एका इमारतीत वर आमच्या डॉक्टरांचा कातडीचा दवाखाना आणि खाली माझी लॅब. डॉक्टर चामखीळ काढत, मानेवरच्या चरबीच्या गाठी काढत, म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरचे वर्षानुवर्षं न भरणारे फोड काढत. हात सोन्यासारखा. स्वभाव मात्र असा, की पेशंटच्या नातेवाइकाने आवाज चढवला की डॉक्टर आधी स्वतःची नाडी बघत. कापायचं काम डॉक्टरांचं आणि कापल्यावर जे वाहील ते थांबवायचं काम हौसाक्काचं, अशी वरच्या मजल्यावर सरळ वाटणी होती.

आक्का जत तालुक्याच्या पार पूर्वेकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लोकर कातरताना मेंढराला कातर लागली की जखम दाबून धरायची, हे काम लहानपणापासून तिच्याकडे. कळप पुढे निघालेला असायचा, ऊन डोक्यावर, आणि ही एका मेंढराच्या पाठीवर अंगठा रोवून बसलेली. पुढे दवाखान्यात आया म्हणून आली आणि दहा वर्षांत अशी तयार झाली, की डॉक्टर टाका घालण्याआधी तिच्या तोंडाकडे बघू लागले. मेंढरू आणि माणूस यांत तिला एकच फरक दिसायचा. मेंढरू मुकाट पडून राहतं, माणूस सल्ला देतं.

अंगठ्याची ताकद सांगतो. एकदा दवाखान्याच्या गच्चीवरचा पाण्याचा पाइप फुटला. प्लंबर येईपर्यंत आक्का त्यावर अंगठा लावून उभी राहिली. प्लंबर दीड तासाने आला, खाली वाकून बघितलं, आणि म्हणाला की आता आहे हेच राहू द्या, नवीन वायसर याच्याएवढा बसणार नाही.

तिचा नियम एकच होता. दाबायचं आणि मधेच उघडून बघायचं नाही. सलग पंधरा मिनिटं दाब मिळाला तर रक्त आपोआप शहाणं होतं; दर दोन मिनिटांनी कापूस उचलून बघत बसलं तर पहिल्यापासून सुरुवात. पण माणसाला बघायची खाज असते. घड्याळ लावलं तर पेशंट घड्याळाशी भांडत. म्हणून आक्काने एस.टी. काढली.

म्हणजे असं, की अंगठा ठेवला की सांगलीच्या स्टँडवरून गाडी सुटायची. आक्का ती तोंडाने चालवायची. माधवनगरला एक बाई चढायची, कडेवर पोर आणि पिशवीत कोंबडी. बुधगावला कोंबडी पिशवीतून निसटायची. कवलापूरपर्यंत अख्खी गाडी कोंबडी धरायची. कुमठे फाट्याला ड्रायव्हर खाली उतरून चहा प्यायचा, तो चहासुद्धा आक्का घोटाघोटाने प्यायला लावायची. कवठेएकंदला दारूकामवाला फटाक्यांची पिशवी घेऊन चढायचा आणि त्याच्या शेजारचा म्हातारा खिशात काडेपेटी चाचपायला लागायचा. इथे पेशंटचा श्वास अडकायचा. तासगाव आलं की आक्का अंगठा उचलायची. बरोबर पंधरा मिनिटं. ठरल्या वेळेला पोचणारी महाराष्ट्रातली ती एकमेव एस.टी.

एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याने मानेवरची गाठ काढल्यावर कवठेएकंदलाच हात घालून कापूस उचलला. रक्त परत सुरू. आक्काने शांतपणे सांगितलं की गाडी परत सांगलीला. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मान दुखते म्हणून नव्हे, तर त्या म्हाताऱ्याने काडी ओढली की नाही हे त्याला कळलं नव्हतं म्हणून.

ही झाली गंमत. आता तिच्या हट्टाकडे येतो, कारण आक्का म्हणजे तो हट्टच.

ज्यांच्या काळजात कृत्रिम झडप बसवलेली असते, किंवा ज्यांची नाडी वेडीवाकडी पळते, त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. नाही घेतली तर रक्ताची गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूत जाऊन बसली की माणूस एका बाजूने लुळा पडतो किंवा जातोच. आता अशा माणसाच्या अंगावरचा साधा मस कापायचा म्हटला, की घरातले सगळे एका सुरात म्हणतात, आधी ती गोळी बंद करा, नाहीतर रक्ताचा पाट वाहील. आक्का हे ऐकलं की हातातला ट्रे खाली ठेवायची. आलेल्या प्रत्येकाला ती घरातली औषधांची पिशवी आणायला लावून टेबलावर उलटी करायची. त्यातून काय काय पडायचं. एकाच्या पिशवीतून म्हशीची कॅल्शियमची बाटली पडली होती, आणि डोस विचारल्यावर तो म्हणाला की म्हशीच्या निम्मा. पण त्या ढिगातून आक्काला हवी ती गोळी सापडली, की ती पेशंटच्या डोळ्यांसमोर धरून बोलायची. बोलायची ते वाक्य ठरलेलं.

“कातडीतलं रगात माज्या अंगठ्याखाली येतंय. मेंदूत गुठळी गेली तर अंगठा कुठं घालू?”

या वाक्याचं कारण माळी गुरुजी.

फार वर्षांपूर्वी आमच्याही दवाखान्यात पद्धत तीच होती. आधी पाच दिवस गोळी बंद, मग कापाकापी. सगळीकडेच तसं चालायचं. माळी गुरुजींच्या कानामागे एक काळा मस होता. निवृत्त शिक्षक, नाडी पळणारी, गोळी चालू. त्यांना फोन करून गोळी बंद करायला सांगायचं काम आक्काचं होतं, ते तिने केलं. मस निघाला, रक्ताचा थेंब आला नाही. सातव्या दिवशी टाके काढायला गुरुजींना त्यांचा मुलगा उचलून घेऊन आला. डावा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. चाळीस वर्षं पोरांना कविता पाठ करून घेणाऱ्या माणसाला ‘नमस्कार’ म्हणता येईना. आक्काने टाके काढले. नंतर खाली माझ्या लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसली. मग म्हणाली,

“टाका लय झाक आला हुता.”

एवढंच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कुणालाही एकसुद्धा थाप मारली नाही.

पुढे डॉक्टरच कुठल्याशा परिषदेहून नवीन शिकून आले. कातडीच्या लहान शस्त्रक्रियेला ही गोळी बंद करू नये. आधी रक्त तपासावं, आकडा बेतात असला तर बिनधास्त कापावं, थोडं जास्त वाहील ते दाबून, टाका घालून, चटका देऊन थांबवता येतं. डॉक्टरांनी हे एक माहिती म्हणून सांगितलं. आक्काने मात्र ते शपथ घ्यावी तसं उचललं.

आता सुभेदार.

सुभेदार शेवाळे पाटणकडचे. घरचा ऊस, फौजेतली नोकरी पुरी केलेली, मिशा अजून सरकारी. काळजात धातूची झडप, आणि तिचा आवाज यायचा. थाप नाही, अशी झडप खरंच टिकटिकते. आमच्या बाकावर सुभेदार बसले की शेजारचा माणूस हातातलं घड्याळ काढून कानाला लावायचा. एकदा एक म्हातारी उठून डॉक्टरांना सांगायला गेली की तुमच्या दवाखान्यात कुणीतरी टाइम बाँब ठेवला आहे आणि त्याला मिशा आहेत.

त्यांच्या नाकपुडीच्या कडेला एक फोड होता. दोन वर्षं भरत नव्हता. डॉक्टरांनी तुकडा तपासून घेतला, कॅन्सरच निघाला. अंगभर पळणारा नव्हे, जागेवर बसून कुरतडणारा. पण तसाच ठेवला असता तर नाक घेऊन गेला असता. सुभेदारांची लेक तासगावात दिलेली. त्यामुळे शस्त्रक्रियेपर्यंत त्यांचा मुक्काम लेकीच्या सासरी, म्हणजे व्याह्यांच्या घरी.

या व्याह्यांना सगळे आबा म्हणत. द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड, आणि कुठल्याही साध्या गोष्टीत लपलेला अर्थ हुडकायची विद्या. रेडिओवर उद्या हवा कोरडी राहील असं सांगितलं, तर आबा म्हणत की हा माणूस आपल्याला काहीतरी सुचवतोय.

सुभेदारांचं पहिलं रक्त मी तपासलं. गोळीचा असर दाखवणारा आकडा असतो. त्यांच्या झडपेसाठी तो अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. आला दोन पूर्णांक नऊ. आक्काने दहा दिवसांनंतरची तारीख दिली आणि डॉक्टरांकडून लिहून घेतलेला सूचनांचा कागद आबांच्या हातात ठेवला. गोळी बंद करू नका. दोन दिवस आधी रक्त परत तपासा. पालेभाजी एकदम वाढवू नका, त्याने गोळीचा जोर कमी होतो. आबांनी कागद दोनदा वाचला आणि आक्काकडे बघून एक डोळा किंचित मिटला. तिला वाटलं, डोळ्यात काहीतरी गेलं असेल.

दोन दिवस आधी रक्त तपासलं तर आकडा एक पूर्णांक तीन. मी यंत्राला दोन चापट्या मारून परत तपासलं. एक पूर्णांक तीनच. म्हणजे गोळी न घेतल्यात जमा होती, आणि ती झडप कुठल्याही घटकेला गुठळी करायला मोकळी होती. मी कागद घेऊन वर गेलो. आक्काने आकडा वाचला, हातमोजे काढले, आणि तडक आबांच्या घरी निघाली. मला सुभेदारांचं रक्त परत घ्यायचं होतं, म्हणून मी मागोमाग.

आधी तिने गोळ्यांची पाकिटं बघितली. गोळ्या रोजच्या रोज गेलेल्या. एकही चुकलेली नाही. मग ती स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि तिथेच थांबली. आत मेथीच्या पेंढ्या भिंतीला उभ्या रचलेल्या. शेपू बादलीत, चाकवत पाटीत, पालक चौकटीच्या खुंटीला टांगलेला. मधोमध सुभेदार पाटावर ताठ बसलेले, ताटात पाच तऱ्हेच्या हिरव्या भाज्या, आणि आबा सहावी वाढत होते. माझी खात्री आहे की सुभेदारांच्या मिशांनासुद्धा तोवर हिरवट छटा आली होती.

आक्काने विचारलं, हे काय आहे. आबांनी खिशातून तो कागद काढला.

“तुमीच लिवलंय की, आक्का. पालेभाजी वाढवली की गोळीचा जोर कमी हुतो. गोळी बंद कर म्हणायला डॉक्टरला कायद्याची भीती असंल, म्हणून आडनं सांगितलंय, हे काय कळत न्हाई व्हय आमाला? गोळीला हात लावला न्हाई. भाजीनं काम केलं.”

त्यांनी हे सगळं इतक्या आपुलकीने केलं होतं की रागवायला जागा नव्हती. पाहुण्याला पालेभाजी हवी अशी गल्लीत बातमी गेली होती; व्याही आजारी म्हटल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटांच्या पुड्याऐवजी एक पेंढी घेऊन आला होता. शिवाय बेदाण्याच्या शेडचा अनुभव वापरून आबांनी सुभेदारांचं पाणीही तोडलं होतं, म्हणजे रक्त आळेल.

आक्का सुभेदारांसमोर खाली बसली. तुम्ही फौजेतला माणूस, तुम्हाला वाचता येतं, तुम्ही कसे खात बसलात, असं तिने विचारलं. सुभेदारांनी आबा आमच्यासाठी पाणी आणायला मागे गेल्याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले,

“गोळीला भ्यालो न्हाई कवा, आक्का. पण लेकीच्या घरात, व्याह्यानं वाढलेलं ताटात ठिवायचं?”

आमच्या भागात व्याह्याने वाढलेलं नाकारणं म्हणजे लेकीचा संसार पणाला लावण्यासारखं. तो माणूस लेकीसाठी दिवसातून दोनदा मरण चघळत होता, आणि वर ‘भाजी झकास’ म्हणत होता.

सांगलीच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन झाला. गोळीचा असर परत चढेपर्यंत पोटात रक्त पातळ ठेवणाऱ्या सुया टोचायच्या ठरल्या. शस्त्रक्रिया पुढे गेली. आणि आबा खजील झाले. खजील झालेला माणूस जास्त धोक्याचा असतो. त्यांनी घरातून हिरवा रंगच हद्दपार केला. पालेभाजी गेली, कोथिंबीर गेली, कढीपत्ता गेला, हिरव्या मिरच्यांच्या जागी लाल आल्या. सून हिरव्या बांगड्या भरायला निघाली तर आबांनी तिला थांबवलं, असं गल्लीत सांगतात. पुढच्या वेळी आकडा चार पूर्णांक सहा. आता रक्त इतकं पातळ की कापायला हात लावायची सोय नाही. तारीख परत पुढे. आणि इकडे नाकावरचा फोड कुणाची वाट बघत थांबला नव्हता. त्याची कड रोज थोडी पुढे सरकत होती, आणि डॉक्टर रोज भिंग लावून ती मोजत होते.

तेव्हा आक्काने पाटणला फोन लावला. तिकडे सुभेदारीणबाई म्हशींपाशी राहिल्या होत्या. सुभेदार घरी आठवड्यात किती वेळा पालेभाजी खातात, असं विचारलं. बाई म्हणाल्या, आठवड्यातनं दोनदा, आणि तीसुद्धा मी रागावल्यावर. आक्काने तेच पथ्य ठरवलं. त्यानंतर आठ दिवस ती दोन्ही वेळच्या जेवणाला आबांच्या घरी जाऊन सुभेदारांच्या ताटाशेजारी बसली. आबांनी पळी पुढे केली की ही नुसती बघायची. गुरुवारी आणि रविवारी मात्र ती स्वतः सुभेदारांवर रागवायची, कारण बाईंनी सांगितलं होतं की रागावल्याशिवाय ते खात नाहीत.

आकडा आला दोन पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार टेबलावर.

गोळी चालू ठेवून कापायचं म्हणजे रक्त जास्त येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नाक तर रक्ताचं माहेरघर. डॉक्टरांनी फोड मुळासकट काढला, शेजारची कातडी ओढून जागा झाकली, आणि आक्काने अंगठा ठेवला. त्या दिवशी गाडी तासगावला थांबली नाही. मणेराजुरीपर्यंत गेली. म्हाताऱ्याच्या काडेपेटीत एकच काडी उरली होती आणि तीही ओली निघाली. मग रक्त थांबलं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे परत आले. पट्टी भिजली होती. सुभेदारांचा एक डोळा सुजून बंद झालेला, गाल जांभळा. दिसायला ते असे दिसत होते, जणू शत्रूच्या हातून नुकतेच सुटून आलेत. आबांबरोबर ट्रॅक्टरभर माणसं. आक्काने पट्टी काढून परत अंगठा लावला. आबा डॉक्टरांच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, कापत होता, आणि ते जास्त कठीण होतं. आपल्या घरात राहिलेल्या पाहुण्याला काही झालं तर पाटणला काय तोंड दाखवू, असं ते म्हणत होते. चार दिवस, नुसते चार दिवस ती गोळी थांबवा.

डॉक्टरांनी पेन उचललं. ते वाईट माणूस नव्हते. समोर रक्त दिसत होतं; मेंदूतली गुठळी दिसत नव्हती. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. आक्काने मान वळवली नाही. अंगठा नाकावर, नजर भिंतीवर.

“डॉक्टर, लिवताय ते मला वाचून दावा. गुरुजींच्या टायमाला मी न इचारताच फोन लावला हुता.”

सुभेदारांची झडप टिकटिकत होती, एका लयीत, काही न घडल्यासारखी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग फोन उचलून सांगलीच्या डॉक्टरांशी बोलले, आणि आबांना सांगितलं की गोळी चालू राहील. आवाज त्यांचाच होता, पण मी तो आधी कधी ऐकला नव्हता. नंतर त्यांनी एक रक्तवाहिनी हुडकून तिला चटका दिला, वर एक टाका जास्तीचा घातला. अर्ध्या तासात पट्टी कोरडी.

आबा घरी गेले, पण आक्काशी बोलायचे बंद झाले. सहा दिवस त्यांच्या शेडवर बेदाण्यापेक्षा तोंडंच जास्त सुकली होती म्हणतात.

सातव्या दिवशी सुभेदार टाके काढायला आले; मी खाली होतो, वरचं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. चेहरा जांभळ्याचा पिवळा झालेला. डॉक्टर नाक बघायला वाकले, तर आक्काने त्यांना हाताने बाजूला केलं. नाकाकडे तिने बघितलंही नाही. दोन्ही हात वर करा म्हणाली. सुभेदारांनी केले, दोन्ही सारखे, सरळ. दात दाखवा. दाखवले. पूर्ण नाव, गाव आणि पलटणीतला नंबर सांगा. सुभेदार उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि अशा आवाजात बोलले की खाली लॅबमध्ये एका बाईच्या दंडातली सुई माझ्या हातून हलली. एक अक्षर अडखळलं नाही. आक्का म्हणाली, ठीक आहे, आता काढा टाके. आणि बेसिनपाशी जाऊन स्वच्छ असलेले हात बराच वेळ धूत राहिली.

गेल्या वर्षी आक्काचे गुडघे थकले. मुलाने जतकडे बोलावून घेतलं. दवाखान्यात निरोपाचा कार्यक्रम ठरला. शाल, श्रीफळ, पंचवीस खुर्च्या. प्रमुख पाहुणे सुभेदार शेवाळे, नाक जागेवर. आबाही आले, बेदाण्याची पेटी घेऊन, आणि ती कुणाच्या हातात द्यायची हे न कळून ती मांडीवर धरून बसले.

पण ज्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या त्या बाई आतल्या खोलीत. सकाळी एका आजोबांच्या कानाच्या पाळीवरची गाठ काढली होती. आजोबा गोळीवर. कार्यक्रमाच्या वेळेलाच कान पाझरायला लागला. आक्काला दोनदा निरोप गेला. तिने आतून सांगितलं की तुम्ही तुमचं उरका. शेवटी सगळा कार्यक्रम उठून आतल्या खोलीत आला. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही तीस माणसं, टेबलावर कुशीवर झोपलेले आजोबा, त्यांच्या कानावर आक्काचा अंगठा. डॉक्टरांनी लिहून आणलेलं भाषण खिशातून काढलं, पहिली ओळ वाचली, आणि परत घडी घातली. सुभेदारांनी आक्काला शाल पांघरली. हात अडकलेले असल्याने ती घसरायला लागली, तेव्हा सुभेदार मागे उभे राहून दोन्ही टोकं धरून राहिले.

कुशीवर पडलेल्या आजोबांना काही दिसत नव्हतं. माणसं कशाला जमली, म्हणून ते घाबरले. आक्काने सांगितलं की तुमच्यासाठी नाही जमली, पडून राहा. मग संध्याकाळची गोळी पिशवीत आहे ना, असं विचारलं. आजोबा जरा चाचरले. आजच्या दिवस नको म्हणत होतो, रगात येतंय न्हवं, असं काहीतरी पुटपुटले.

आक्काने बोलायला तोंड उघडलं. पण तिच्या आधी मागून आवाज आला. आबांचा.

“घ्यायची,” आबा म्हणाले. मांडीवरची पेटी आता त्यांच्या छातीशी आली होती. “गोळी घ्यायची, आजोबा. आन् भाजी रोजच्याएवढीच खायाची.”

सगळ्यांनी माना वळवल्या. आक्काने मात्र वळवली नाही, अंगठा हलला असता. मी दारात होतो, मला तिची फक्त पाठ दिसत होती. पाठीवर ती शाल, शालीची टोकं धरून ताठ उभे सुभेदार, आणि शालीखाली तिचे खांदे जरासे हलत होते. हसण्याने की कशाने, ते मी सांगणार नाही.